सोन्याच्या तारेपासून दातांच्या पुलापर्यंत



‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. वर्गात म्हणी शिकवीत असता मी एकदा मुलांना सहज विचारले, “चणे नसले तर ते विकत आणता येतात, पण दात नसले तर काय करावयाचे?” मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, “सर, नवे बसवायचे!” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. परंतु घरी जाताना मनात आले की, हे उत्तर वाटते तितके साधे नाही. पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात बसविण्याची खटपट माणूस केव्हापासून करीत आला आहे? ती कोणी केली, कशी केली? आणि आज आपल्या नागपुरात एखाद्या विणकराला वा रिक्षावाल्याला नवा दात मिळतो, त्यामागे किती देशांतील किती पिढ्यांचे श्रम आहेत? इतिहास शिकविणाऱ्या माणसाला असे प्रश्न पडले की स्वस्थ बसवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयाकडे माझे लक्ष जाण्यास एक घरगुती कारणही घडले. ते आधी सांगतो.

एका दाढेची हकीकत

माझे वडील मोमिनपुऱ्यात विणकाम करीत. मी सातवीत असताना त्यांची खालची एक दाढ किडली व काढावी लागली. एक दाढ गेल्याने काही अडत नाही, असे म्हणून त्यांनी दोन-तीन वर्षे काढली. पुढे त्या बाजूने घास चावेना, बोटी तर दूरच, पण भाकरीही नीट चावली जाईना. तेव्हा कोणी तरी सांगितले म्हणून ते बाजारात रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणाऱ्या एका दात बसविणाऱ्याकडे गेले. त्याने पेटीतून एक तयार दात काढला, शेजारच्या दोन दातांना तार गुंडाळली, पावडर व पाण्यासारखे औषध कालवून गुलाबी मसाला केला आणि तो थेट हिरडीवर थापून दात ‘पक्का’ करून दिला. अर्ध्या तासाचे काम. पैसेही थोडे. अब्बा खूष होऊन घरी आले आणि त्या रात्री त्यांनी मुद्दाम भाजलेले चणे मागवून खाल्ले.

वर्ष-दीड वर्षात तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. हिरडी सुजली. शेवटी आम्ही त्यांना मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी तो मसाला मोठ्या शिताफीने कापून काढला. खाली अन्न कुजून हिरडी सडली होती, आणि ज्या दोन चांगल्या दातांना तार बांधली होती ते दोन्ही हलत होते. तेही काढावे लागले. परत येताना बसमध्ये अब्बा एकच वाक्य बोलले, “बेटा, एक दात बसवायला गेलो आणि दोन गमावून आलो.”

ते वाक्य मी विसरलो नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. त्या रस्त्यावरच्या माणसाने जे केले, म्हणजे शेजारच्या दातांना तार बांधून मधली जागा भरून काढली, तीच कल्पना अडीच हजार वर्षांपूर्वीचीही आहे आणि आजच्या दंतवैद्याचीही आहे. मग फरक कोठे पडला? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

थडग्यांतून सापडलेले दात

आजच्या लेबनॉन देशात समुद्रकाठी सीदोन नावाचे प्राचीन नगर आहे. अरबी लोक त्याला सैदा म्हणतात. तेथील फिनिशियन लोक दर्यावर्दी व्यापारी होते. १८६२ साली तेथील एका थडग्यात जबड्याचा एक भाग सापडला. त्यातील पुढचे दात सोन्याच्या बारीक तारेने एकमेकांशी विणून बांधलेले होते, आणि त्यांपैकी दोन दात त्या व्यक्तीचे स्वतःचे नसून दुसऱ्या कोणाचे तरी होते, असे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे गेलेल्या दातांच्या जागी परके दात आणून शेजाऱ्यांच्या आधाराने उभे केले होते.

इटलीतील एट्रुस्कन लोकांची पद्धत जरा निराळी होती. ते तारेऐवजी सोन्याची चपटी पट्टी वापरीत. पट्टीची कडी निरोगी दातांभोवती बसवीत आणि मधल्या रिकाम्या कडीत दुसरा दात बारीक खिळ्याने जडवीत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून पुढच्या काळातील अशा पट्ट्या थडग्यांतून मिळाल्या आहेत. आजच्या ‘ब्रिज’ची ही पणजी म्हटली तरी चालेल.

या कलेचा सर्वांत गमतीचा पुरावा मात्र एका कायद्यात आहे. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोममध्ये ‘बारा पट्ट्यांचा कायदा’ लिहिला गेला. त्यात प्रेताबरोबर सोने पुरण्यास मनाई केली होती. परंतु मृताचे दात सोन्याने बांधलेले असतील, तर तेवढे सोने त्याच्यासोबत पुरले किंवा जाळले तरी गुन्हा नाही, अशी सवलत ठेवली होती. कायद्यात सवलत घालावी लागते याचा अर्थ असे दात बाळगणारी माणसे त्या काळी समाजात होती, हे उघड आहे.

आपल्या देशात सुश्रुतसंहितेत दातांच्या व हिरड्यांच्या रोगांचे सविस्तर वर्णन आहे. दातवणासाठी कडू झाडांत कडुनिंब, तुरट झाडांत खैर, गोड झाडांत मोह आणि तिखट झाडांत करंज उत्तम, असे त्यात सांगितले आहे. ही चारही झाडे आपल्या विदर्भातली. सुश्रुताचा भर दात राखण्यावर होता; आणि राखलेला दात हा बसविलेल्या दातापेक्षा केव्हाही श्रेष्ठ, हे आजचा दंतवैद्यही कबूल करील.

सोने की चांदी?

आता आपण अरबस्तानाकडे वळू. मिस्वाकची महती आपल्या घरांतून लहानपणापासूनच सांगितली जाते. पीलूच्या झाडाची ती काडी. परंतु बसविलेल्या दातांसंबंधीची चर्चाही तितकीच जुनी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हदीसच्या ग्रंथांत अर्फजा बिन असद यांची हकीकत आहे. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक करून बसविले. पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.अ.) त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. पुरुषाला सोन्याचा अलंकार वर्ज्य. परंतु ही शोभा नव्हे, गरज होती. याच आधारावर पुढे दात सोन्याने बांधण्याचा विचार झाला. कित्येक जाणत्या लोकांनी आपले दात सोन्याने बांधले होते, असे तिर्मिजी नमूद करतात. तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्याविषयीही अशी नोंद आढळते.

फिकाहच्या इमामांत यावर मतभेदही झाला. इमाम अबू हनीफा यांचे म्हणणे, हलणारा दात चांदीने बांधावा, सोन्याने नको. त्यांचेच शिष्य इमाम मुहम्मद म्हणाले, सोन्यानेही हरकत नाही. मी आलिम नाही. वजू, गुस्ल व दात यांविषयी आजही ज्येष्ठ मंडळींच्या मनात शंका असतात, त्यांनी त्या जाणकार आलिमांनाच विचाराव्यात. मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच दाखवायचे आहे की, चेहरा व घास सावरण्याची ही गरज त्या काळी क्षुल्लक मानली गेली नाही. तिच्यावर विचार झाला, वाद झाला, वाट काढली गेली.

कॉर्डोव्याचे हकीम

या वादाला अनुभवाची जोड दिली ती स्पेनमधील एका शल्यवैद्याने. अबुल कासिम अल्-जहरावी हे त्यांचे नाव. ९३६ च्या सुमारास कॉर्डोव्याजवळच्या मदीनत-अज्-जहरा या नगरीत त्यांचा जन्म झाला आणि १०१३ च्या सुमारास ते वारले. ‘किताब अत्-तस्रीफ’ हा त्यांचा ग्रंथ ३० भागांचा असून इसवी सन १००० च्या सुमारास तो पूर्ण झाला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत, आणि त्यांत दातांवरील कीट खरवडण्याची हत्यारेही आहेत.

मार लागून पुढचे दात हलू लागले तर काय करावे, हे त्यांनी पायरीपायरीने लिहिले आहे. दात सोन्याच्या तारेने बांधावे. चांदी काही दिवसांत हिरवी पडून कुजते, सोने तसेच राहते. तार फार जाड नको, फार बारीकही नको. दातांच्या फटींतून जाईल इतकी असावी. निरोगी दातापासून सुरुवात करून हलणाऱ्या दातांमधून ती विणत दुसऱ्या बाजूच्या निरोगी दातापर्यंत न्यावी आणि पुन्हा परत आणावी. दात पडलाच असेल तर तो जागेवर ठेवून तसाच बांधावा, किंवा बैलाच्या हाडाचा दात कोरून त्या जागी बसवावा. आणि हे काम कुशल व हळुवार हाताच्या माणसानेच करावे.

वाचकहो, हे शेवटचे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अब्बांची दाढ आठवली. तार तीच, शेजारचे दातही तसेच. हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या हकीमाला मात्र हे ठाऊक होते की, तार महत्त्वाची नाही. ती बांधणारा हात कोणाचा, हे महत्त्वाचे.

युरोपात गेलेली विद्या

बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड या पंडिताने अल्-जहरावींच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले. तेथून पुढे कित्येक शतके युरोपातील शल्यवैद्य ‘अल्बुकासिस’ या नावाने त्यांचा आधार घेत राहिले. विद्येला जातधर्म नसतो, ती जो कष्ट करील त्याच्या घरी जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांनी दातांच्या शस्त्रक्रियेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. आपल्या व्यवसायातील गुपिते झाकून ठेवण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या पद्धती आकृत्यांसह सर्वांसाठी छापल्या, हा त्यांचा मोठेपणा. दाताच्या मुळात खुंटी बसवून तिच्या आधाराने खोटे दात उभे करण्याची रीत त्यांनी सांगितली आहे.

दात कशाचे करावयाचे, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, बैलाचे हाड हे सारे तोंडात पिवळे पडत व कुजत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली पदावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाकी सारे पाणघोड्याच्या दातातून कोरलेले व माणसांचे दात. सत्तेच्या शिखरावरील माणसालाही सुखाने जेवता येत नसे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसले. एकाच्या मुखी घास जावा म्हणून दुसऱ्याचे प्रेत लुटावे, अशी ती अवस्था होती.

तिच्यातून सुटका केली ती चिनी मातीने. फ्रान्समधील एका औषध विक्रेत्याने १७७४ च्या सुमारास भट्टीत भाजलेल्या चिनी मातीची कवळी करवून घेतली आणि पुढे त्या मातीचे सुटे दात बनू लागले. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. १९०७ साली टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने मेणाचा साचा वितळवून त्या जागी सोने ओतण्याची पद्धत दाताच्या कामात आणली. ही पद्धत आपल्याला नवी नाही. शेजारच्या बस्तरमधील घडवे ढोकऱ्याच्या मूर्ती अशाच मेणावर घडवून ओततात. त्या ओतकामामुळे दातावर केसाइतकीही फट न ठेवता बसेल अशी टोपी करता येऊ लागली. १९६० च्या दशकात धातूवर चिनी मातीचा थर पक्का चढविण्याची युक्ती साधली, आणि आतून मजबूत व बाहेरून दातासारखा दिसणारा पूल घरोघर पोहोचू लागला.

पूल उभा कसा राहतो?

ज्याला आपण बोलीत ‘ब्रिज’ म्हणतो, तो खरोखरच पूल असतो. नाग नदीवरचा कोणताही पूल पाहा. दोन्ही काठांवर भक्कम खांब आणि मधे अधांतरी फळी. तोंडातही तसेच. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे निरोगी दात हे खांब. दंतवैद्य त्यांना चोहोबाजूंनी थोडे घासून लहान करतो, त्यांचे माप घेतो, प्रयोगशाळेत त्यांवर बसणाऱ्या दोन टोप्या व मधला खोटा दात एकसंध तयार होतो आणि तो सांधा विशिष्ट सिमेंटने चिकटविला जातो. मधला दात हिरडीला फक्त हलकेच टेकतो. त्याच्याखालून स्वच्छता करण्यास वाट ठेवलेली असते. अब्बांच्या तोंडातील मसाल्याने नेमकी ही वाट बुजविली होती.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला भारवहनाचा धडाच आहे. मधला दात स्वतः काही पेलत नाही. त्याच्यावर पडणारा चावण्याचा सगळा जोर शेजारच्या खांबांच्या मुळांवर जातो. १९२६ साली अँटे या दंतवैद्याने एक सोपा नियम सांगितला: आधाराच्या दातांच्या मुळांचे हाडात रुतलेले एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून अधिक असावे. म्हणून एक दात गेला असता पूल सहज होतो. ओळीने तीन गेले तर खांबांवर भार जास्त होतो. हिरडीच्या रोगाने खांबच हलत असतील, तर पूल बांधणे म्हणजे वाळूत पाया घालणे होय. अब्बांना त्या डॉक्टरीणबाईंनी हेच समजावून सांगितले. मूळची दाढ गेल्याबरोबर ते आले असते तर तीन दातांचा साधा पूल झाला असता. आता तिन्ही गेल्यामुळे काढती-घालती कवळी घ्यावी लागली. ती ते रोज रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात.

दात गेल्यावर वाट पाहत बसू नये, याचे कारणही इतिहासाइतकेच रंजक आहे. दात हे शेजारधर्म पाळणारे आहेत. एक गेला की दोन्ही बाजूंचे रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात त्या पोकळीत उतरू लागतो. काही वर्षांत सगळी ओळच विस्कटते. घरातील एक माणूस गेला की साऱ्या घराची घडी बदलते, तसेच हे.

पुलाची आणखी एक बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासावे लागतात आणि घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटा शोधत राहिले. स्वीडनमधील ब्रेनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले की, टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या खुंट्या बसविल्या. तेच आजचे ‘इम्प्लांट’. त्यात शेजारच्यांना हात लावावा लागत नाही, मात्र खर्च अधिक. कोणाला पूल बरा, कोणाला इम्प्लांट, कोणाला कवळी, हे तपासूनच ठरते.

आपल्या देशातील पहिले विद्यालय

एवढी विद्या जगात वाढली, पण ती आपल्या देशात आली कशी? येथे मला एका थोर पुरुषाचे नाव आदराने घ्यावयाचे आहे: डॉ. रफीउद्दीन अहमद.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. अलीगढला शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९१५ साली आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. बॉस्टन येथील मुलांच्या दंत रुग्णालयात त्यांनी काम केले. तेथे राहून सुखाने पैसा मिळविता आला असता. परंतु ते परत आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. सरकारची थैली त्यांच्यामागे नव्हती. पैसा कोठून आणला? त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयांचे दुकान चालविले आणि त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालय उभे केले! लोकांना सरबत पाजून एका माणसाने देशाला दंतवैद्य दिले.

१९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. त्यांच्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. पुढे त्या राजकारणात गेल्या, तो इतिहास वेगळा. पण ज्या काळी मुलींच्या शाळेलाच विरोध होई त्या काळी एक मुस्लिम तरुणी दंतवैद्य होऊन मुंबईत बसली, ही गोष्ट आजच्या मातापित्यांनी लक्षात ठेवावी. १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली साऱ्या देशासाठी, त्यातही डॉ. अहमद यांच्या प्रयत्नांचा वाटा होता. १९४९ साली आपण उभारलेले महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. पश्चिम बंगालचे मंत्रिपद त्यांनी भूषविले, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ साली ते निवर्तले. आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि २४ डिसेंबर हा राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९६८ साली, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. ज्या इमारतीत अब्बांच्या तोंडातला मसाला काढला गेला ती हीच. तेथे शिकणारी मुले-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, घाई करीत नाहीत. खेपा घालाव्या लागतात हे खरे. पण अर्ध्या तासात ‘पक्का’ झालेला दात किती महाग पडला हे मी वर सांगितलेच आहे.

पालकांस व विद्यार्थ्यांस

आता जे सांगावयाचे ते थोडक्यात सांगतो.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, दात गेला तर पदवीधर, नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडेच जा. पैसे नसतील तर शासकीय दंत महाविद्यालयाची पायरी चढा. हिरडीवर मसाला थापणाऱ्याकडे जाऊ नका. तो गरीब माणूसही पोटासाठीच बसला आहे, मी त्याला दोष देत नाही. पण त्याच्या हाती तार आहे, विद्या नाही. पूल बसविल्यावर त्याच्याखालची जागा बारीक ब्रशने वा दंतवैद्य सांगेल त्या दोऱ्याने रोज साफ करा. नुसती मिस्वाक वा दातवण तेथे पोहोचत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी जरा कठोर बोलतो. शाळेपासून हाकेच्या अंतरावरील पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून खर्रा तयार होतो. आपल्या नागपूरची ही ओळख व्हावी, याची मला लाज वाटते. रोजच्या सुपारीने गालाची आतील कातडी ताठ होत जाते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. त्याच वाटेने कर्करोगही येतो. आज घरी आरशासमोर उभे राहा आणि आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास उद्याची वाट पाहू नका. ज्याचे तोंडच उघडत नाही त्याला जगातील कोणताही दंतवैद्य पूल बांधून देऊ शकत नाही. सोन्याची तार असो की टायटॅनियमची खुंटी, हात आत जाण्यास वाट तर हवी!

आणि शेवटची गोष्ट. कॉर्डोव्याच्या हकीमांचा अभिमान आपण सभांतून पुष्कळ सांगतो. ते योग्यच आहे. परंतु पूर्वजांचा अभिमान हा पुलाच्या मधल्या दातासारखा असतो. तो दिसतो सुंदर, पण स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. त्याला दोन्ही बाजूंना जिवंत, मुळे असलेले दात लागतात. ती मुळे म्हणजे आजची मेहनत आणि आजचे शिक्षण. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी नुसती अल्-जहरावींची थोरवी गायिली नाही. सोडा विकून महाविद्यालय काढले. तुमच्यापैकी कोणाला विज्ञान आवडत असेल, हात हळुवार असेल, तर बारावीनंतर ‘नीट’ची परीक्षा देऊन दंतवैद्यकाचा मार्ग खुला आहे. मुलींनी तर हा विचार अवश्य करावा.

माझ्या वडिलांची वाटी आजही रात्री खिडकीत असते. माझी धाकटी मुलगी परवा त्यांना विचारीत होती, “दादाजान, तुमचे दात रात्री झोपतात का?” ते म्हणाले, “हो बेटी. पण तू आपले जागे ठेव.” मग स्वतः उठून तिच्या ब्रशवर त्यांनी पेस्ट लावून दिली आणि ती दात घासून होईपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले.